भाड्याच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसोबत आठ महिने

नारायण पेठेतील आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. हा जिना मी दीड वर्ष दर चार-पाच पायऱ्यांनंतर थांबत चढत होते, आणि त्याचे कारण मला कधी रक्त कमी असणे, कधी वय, तर कधी दमा असे सांगितले जात होते. शेवटी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, शंका आली, शिरेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचा आणि फुप्फुसांच्या धमनीतला दाब प्रत्यक्ष मोजला गेला. तो सरासरी ४८ मिलिमीटर पारा निघाला. निरोगी माणसात तो विश्रांतीत असताना २० च्या वर जात नाही. आजाराचे नाव पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसांच्या धमन्यांतला वाढलेला दाब. गोळ्या सुरू झाल्या, आणि स्वस्थ बसलेली असतानाही रक्तातील ऑक्सिजनचा दाब ६० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली राहत असल्यामुळे डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन, दिवसातून किमान १६ तास, असे लिहून दिले. हा आजार असलेल्या प्रत्येकाला ऑक्सिजन लागतोच असे नाही. ज्यांना लागतो, त्यांना यंत्र घरी आणण्यापूर्वी काही गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून भाड्याने घेतलेल्या यंत्राचा आणि ते देणाऱ्या दोन दुकानांचा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

यंत्र ५ लिटर क्षमतेचे, चाकांवरचे, सुमारे १४ किलो वजनाचे आहे. ते खोलीतलीच हवा आत ओढते, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांमधून दाबाने नेते, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा ऑक्सिजन नळीतून नाकापर्यंत येतो. सिलिंडरसारखे ते संपत नाही, हा त्याचा मोठा गुण. ऑक्सिजनने माझा आजार बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. परंतु ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आणखी आकसतात आणि आधीच थकलेल्या उजव्या हृदयावरचा भार वाढतो, तो वाढू नये यासाठी हे यंत्र आहे.

पहिल्या दुकानाचा अनुभव वाईट होता. यंत्र वर आणून ठेवणाऱ्या मुलाने बटण कोठे आहे एवढेच दाखवले. तिसऱ्या आठवड्यात पिवळा दिवा लागला. फोनवर उत्तर मिळाले की तो दिवा अधूनमधून लागतोच, त्याने काही होत नाही. त्या संध्याकाळी नळी नाकात असताना बोटावरचा ऑक्सिमीटर ८४ दाखवत होता. शनिवार होता, रविवारी त्यांचा फोन कोणी उचलला नाही, आणि ती रात्र आम्ही रुग्णालयात काढली. नंतर कळले की पिवळा दिवा ऑक्सिजनची शुद्धता घसरल्याचा असतो आणि यंत्राच्या मागे ते एकूण किती तास चालले आहे ते दाखवणारा आकडा असतो. आमच्या यंत्रावर तो २१ हजारांच्या पुढे होता. झिओलाइट कालांतराने, विशेषतः दमट हवेत, निकामी होत जाते. शुद्धता मोजण्याचे उपकरण त्या दुकानाकडे नव्हतेच. ज्या वस्तूवर माणसाचा श्वास अवलंबून आहे ती न तपासता भाड्याने देणे मला अक्षम्य वाटते.

दुसऱ्या दुकानाचे भाडे महिन्याला एक हजाराने जास्त आहे आणि ते मी आनंदाने देते. त्यांच्या तंत्रज्ञाने यंत्र सुरू करून दहा मिनिटे वाट पाहिली, नळीच्या टोकाशी मापक लावून ९४ टक्के हा आकडा मला दाखवला आणि मग विचारले, "काकू, दिवसभरात तुम्ही घरात कुठे कुठे वावरता?" असा प्रश्न तोपर्यंत मला कोणी विचारला नव्हता. मी निजायची खोली, देवघर, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी अशी नावे सांगितली. त्याने टेपने अंतरे मोजली आणि यंत्र मधल्या खोलीत, भिंतीपासून व पडद्यापासून वीतभर अंतर सोडून ठेवले. मग १२ मीटरची नळी जोडली आणि तिच्या टोकाशी प्रवाह कमी होत नाही ना, हे पुन्हा तपासले. पहिल्या दुकानाने दिलेली नळी २ मीटरची होती. त्या नळीने मी तीन आठवडे पलंग आणि खुर्ची एवढ्यातच राहिले होते. १२ मीटरच्या नळीने मला माझे घर परत मिळाले. पहिले यंत्र बिघडण्यापूर्वी ऑक्सिमीटरवर दिसत तेच ९२-९३ आजही दिसतात, पण आता मी भाजी निवडते, कपड्यांच्या घड्या घालते आणि सकाळचा चहा गॅलरीत बसून घेते. रुग्णाचे जगणे सुधारले का, हे ठरवताना हा फरक कोणत्याही अहवालात येत नाही.

काही गोष्टी मात्र सोडाव्या लागल्या. ऑक्सिजनजवळ आग झपाट्याने भडकते, म्हणून उघड्या ज्योतीपासून दहा फूट दूर राहायचे असते. गॅससमोर मी आता उभी राहत नाही; फोडणी यजमान देतात. देवापुढचे निरांजन लावणे सोडताना मला सर्वांत जास्त वाईट वाटले. नाक कोरडे पडते म्हणून तूप किंवा व्हॅसलीन लावण्याची आपल्याकडची सवयही येथे चालत नाही, तेलकट नसलेले, पाण्यावर आधारित जेल वापरावे लागते. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या यंत्राच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि ते रोज बदलायचे. डिसेंबरच्या पहाटे गार पडलेल्या नळीत थेंब साचून गुडगुड आवाज येत असे, तेव्हा उठून नळी झटकावी लागे.

आवाज हा या यंत्राचा खरा दोष आहे. जुन्या फ्रिजसारखी अखंड घरघर आणि दर काही सेकंदांनी एक फुसकारा. दार लावून मधल्या खोलीत ठेवल्यावर मला झोप लागते, पण तेथे झोपणाऱ्या सासूबाईंना आम्हाला आतल्या खोलीत हलवावे लागले. दोन खोल्यांच्या घरात हे कसे जमेल, याचा विचार आधी करावा.

विजेचा हिशेबही सांगते, कारण तो कोणी सांगत नाही. यंत्र ३५० वॅटचे आहे. १६ तासांचे ५.६ युनिट, म्हणजे महिन्याचे सुमारे १६८ युनिट. आमचा आधीचा वापर १२० च्या आसपास होता, त्यामुळे आता आम्ही ३०० च्या टप्प्याच्या अगदी काठावर असतो आणि एप्रिल-मे मध्ये तो ओलांडून वरच्या दराने बिल भरतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा इन्व्हर्टर तीन-साडेतीन तास निभावतो. त्यापुढची सोय म्हणून बी टाइपचा एक सिलिंडर भरून ठेवला आहे. त्यातील सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन मिनिटाला २ लिटरने बारा तास पुरतो. दुकानाने सिलिंडर वर आणून जोडून दिला आणि माझ्या यजमानांकडून तो दोनदा उघडून-बंद करवून घेतला, हे मला फार महत्त्वाचे वाटले.

भाचीच्या केळवणासाठी याच दुकानातून खांद्याला अडकवायचे छोटे यंत्र एका दिवसापुरते घेतले. ते श्वास आत घेतानाच ऑक्सिजन सोडते, त्यामुळे त्यावरचा २ हा आकडा म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. डॉक्टरांना विचारून, ऑक्सिमीटर लावून चालून पाहूनच ते न्यावे. माझ्यासाठी ३ वर ठेवावे लागले आणि बॅटरी पावणेतीन तास टिकली. तेथे दोघींनी कोरोना झाला होता का असे विचारले, एकीने बीपीची गोळी वेळेवर घेत जा असे सांगितले. हा हाताला पट्टा बांधून मोजतात तो बीपी नव्हे, हे मी प्रत्येकीला शांतपणे समजावले. तीन वर्षांनी मी चार माणसांत बसून जेवले होते.

दुसऱ्या दुकानाविषयी माझी तक्रार एकच आहे. रात्री दहानंतर त्यांचा फोन लागतो, परंतु माणूस सकाळीच येतो. तपासणीसाठी ते दर तीन महिन्यांनी येतात. पावसाळ्यात ती दर महिन्याला व्हावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे आणि जून ते सप्टेंबर येण्याचे त्यांनी मान्य केले आहे. पुढच्या महिन्यात १५ मीटरची नळी बसवून पाहणार आहोत. तेवढी पुरली तर गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या तुळशीला मला स्वतःच्या हाताने पाणी घालता येईल.