शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती दहा महिने, आईच्या नव्या गुडघ्यांसोबत

गेल्या सप्टेंबरात आईचे दोन्ही गुडघे बदलले. नोव्हेंबर उजाडला तसं डॉक्टरांनी वॉकर सोडायला लावला आणि सांगितलं, रोज चाला, पण सपाट जमिनीवर. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. त्या दिवसापासून आजपर्यंत, आजारपणाचे, धुळीचे आणि मुसळधार पावसाचे दिवस सोडले तर, आम्ही दोघी रोज बाहेर पडलो आहोत. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहिते.

सुरुवात केली ती घराजवळच्या छोट्या उद्यानात. पाच मिनिटांवर, नुकतंच नव्यानं सजवलेलं. रंगीत भिंती, दिवे, ओपन जिम, सगळं होतं. उतार केला होता, पण तो संपतो तिथेच एक पायरी ठेवली होती. आत पेव्हर ब्लॉक, आणि झाडांच्या मुळांनी ते जागोजागी उचललेले. नवा गुडघा बसवलेल्या माणसाचं पाऊल सुरुवातीला पुरेसं उचललं जात नाही. अर्धा इंच वर आलेला ब्लॉकसुद्धा त्याला आडवा येतो. आई दोनदा अडखळली, दुसऱ्यांदा मी दंड धरला म्हणून वाचली. बायकांच्या शौचालयाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ओपन जिमचं तर वाईटच वाटलं. पायाने फिरवायच्या यंत्राचं बेअरिंग जाम झालेलं, एका दांड्याचा सांधा तुटून लोंबत होता आणि त्याला कुणीतरी प्लास्टिकची पट्टी बांधून ठेवली होती. आमच्या इमारतीत फॅब्रिकेशनचा, म्हणजे लोखंडी जोडकामाचा, धंदा केलेले एक काका आहेत. त्यांनी हात लावून कारण दाखवलं. पाइपाला जस्ताचा मुलामा असतो, पण वेल्डिंग करताना सांध्यापाशी तो जळून जातो. तिथे पुन्हा जस्ताचा लेप न देता नुसता रंग मारला, की खारा वारा रंगाच्या बारीकशा चिरेतून आत शिरतो आणि गंज आतून पोखरत जातो. समुद्राजवळ लावायचं तर तीनशेसोळा ग्रेडचं स्टेनलेस स्टील हवं, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून ते खाऱ्या हवेत टिकतं. ते महाग पडत असेल तर साधं लोखंडही चालेल, पण मग दर पावसाळ्याआधी सांधे घासून प्रायमर आणि रंग, आणि बेअरिंगला ग्रीस. काका म्हणाले, "वर्षातून दोन दिवसांचं काम आहे गं." ते दोन दिवस कुणाच्याच कामात लिहिलेले नव्हते. बसवण्याचं कंत्राट निघालं, निगा राखण्याचं निघालं नाही. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वात जास्त लागली.

मग आम्ही मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कला जायला लागलो.

मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. तेव्हाच्या नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं. साधारण २८ एकर जागा, आणि तिच्याभोवती तो कट्टा. एक फेरी साधारण १.१७ किलोमीटरची. तरुणपणी मी याच कट्ट्यावर तासन्‌तास बसले आहे, पण त्याची खरी किंमत मला आईसोबत चालताना कळली. हे एक अखंड बाकडंच आहे. आईला सुरुवातीला शंभर पावलांवर बसावं लागायचं. बागेत पुढचं बाकडं किती लांब आहे आणि ते रिकामं असेल का, या काळजीनेच ती परत फिरायची. इथे जिथे दम लागेल तिथे बसायचं. नव्या गुडघ्यांना खोलगट, बुटक्या बाकावरून उठणं फार जड जातं, त्या मानाने कट्टा बरा. उठताना हाताला धरायला काही नाही, तेवढी एक उणीव. दर दोनशे पावलांवर एक उभा दांडा बसवला तरी पुरे.

नोव्हेंबरात अर्धी फेरी, संक्रांतीला एक, मार्चअखेर दोन. या वयात ही प्रगती कमी नाही.

आता धुळीबद्दल, कारण याच कारणाने आम्ही दोनदा आठ-आठ दिवस घरी बसलो. मैदानावरची लाल माती फार बारीक आहे. गवत असलं की मुळं तिला धरून ठेवतात. गवत गेलं की पायांनी ती कुटली जाते आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की उठते. जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी आईला खोकल्याची उबळ यायची, घरी आल्यावर रुमालावर मातीचे तांबूस डाग दिसायचे. सकाळी वारा पडलेला असतो, त्यामुळे आम्ही वेळ बदलली. पाणी मारतात त्या दिवशी फरक लगेच कळतो. एकदा पाइप धरलेल्या माणसाने लांबूनच हाक मारली, "आजी, जरा पलीकडून या, इकडे चिखल झालाय." आई त्या दिवशी घरी येईपर्यंत त्याचं कौतुक करत होती. पण मारलेलं पाणी उन्हात काही तासांतच उडून जातं. माझं मत विचाराल तर उपाय गवत हाच आहे, आणि गवताला विश्रांती लागते. मैदानाचा एकेक कोपरा पाळीपाळीने पावसाळाभर बंद ठेवायचा, तिथलं क्रिकेट तेवढ्यापुरतं शेजारच्या खेळपट्टीवर न्यायचं. मुलांची गैरसोय होईल हे मला कळतं. इथे खेळून मोठी झालेली नावं साऱ्या देशाला माहीत आहेत. पण धूळ सर्वात आधी त्या मुलांच्याच छातीत जाते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फेऱ्या थांबल्या, त्याची मात्र तक्रार नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला लाखो माणसं येतात आणि मैदानात त्यांच्या निवाऱ्याचे मंडप पडतात. आईने हट्टाने जाऊन पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन पुस्तकं घेतली. तिथे रांगेने पाण्याचे नळ, फिरती शौचालयं, दवाखाना, सगळं उभं होतं. म्हणजे इच्छा असली की हे होतं. एरवीही वाटेवर बायकांसाठी दोन स्वच्छ, उघडी शौचालयं असायला हवीत. आई अजूनही निघण्याआधी पाणी पीत नाही, आणि मधुमेह असलेल्या बाईने तहान मारत चालणं मला बघवत नाही.

शांततेबद्दल थोडक्यात सांगते. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला, आणि सकाळी त्याचं सुख खरंच जाणवतं. सावरकर मार्गाच्या बाजूला गाड्यांचा आवाज असतोच.

जूनमध्ये पाऊस लागला आणि वाट घसरडी झाली. मातीचा पातळ थर आणि वर शेवाळ, म्हणून आम्ही आईला रबरी तळव्याचे बूट घेतले. झाडांखाली थांबायची मात्र मला भीती वाटते. शहरात अनेक ठिकाणी बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं असतं, मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि सोसाट्याच्या वाऱ्यात झाड मुळासकट येतं. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी सोडायला फार काही लागत नाही. विलायती शिरिषाची (रेन ट्रीची) पानं संध्याकाळी मिटतात, आम्ही संध्याकाळी यायचो तेव्हा ती बघायला आई मुद्दाम थांबायची. ती झाडं राहायला हवीत.

म्हाताऱ्या माणसांना आणायचं असेल तर पावणेसात ते आठ ही वेळ धरा. पूर्वेकडून सुरुवात करा, सकाळी तिकडे इमारतींची सावली असते. पाणी, रुमाल आणि घडीची काठी बरोबर ठेवा.

छोट्या उद्यानासाठी आम्ही शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन लेखी अर्ज दिला आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत: ती पायरी काढा, शौचालयाची किल्ली रखवालदाराकडे द्या, पावसाळा संपला की सांध्यांना रंग आणि ग्रीस द्या. पहिली सही आईची आहे. आज सकाळी ती तिसरी फेरी सुरू करून अर्ध्यावर बसली.