फिन्स: बंद टाचेच्या की पट्ट्याच्या?

नवा डायव्हर मास्कनंतर बहुधा फिन्स (पोहताना पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) घेतो आणि तिथेच अडतो.

बंद टाचेच्या फिन्स अनवाणी पायात चपलेसारख्या चढतात. हलक्या, स्वस्त, विमानाच्या १५ किलोंत सहज मावणाऱ्या. मालवण किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला बोटीवरून उतरणार असाल, तर कोमट पाण्यात याहून जास्त काही लागत नाही. खोट एकच, पण मोठी: माप. दुकानात जरा सैल वाटलेली फिन पाण्यात आणखी सैल वाटते, आणि घट्ट असेल तर दुसऱ्या डाइव्हपर्यंत टाचेला फोड आलाच म्हणून समजा. भावाबहिणीत वाटून वापरायचा विचारही सोडा.

पट्ट्याच्या, म्हणजे टाच उघडी ठेवून मागे पट्टा असलेल्या, फिन्समध्ये आधी निओप्रीनचे (फेसासारख्या मऊ रबराचे) बूट घालावे लागतात, म्हणजे खर्च वाढला, वजन वाढलं आणि वाळायला आणखी एक ओली वस्तू. पण किनाऱ्यावरून चालत उतरायचं असेल, तर कालवांनी भरलेल्या खडकावर हेच बूट तळवे वाचवतात. थंड पाण्यात पाय गारठत नाहीत. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख) घालणाऱ्याला तर दुसरा पर्यायच नाही. बोटीच्या शिडीपाशी पट्टा ओढला की फिन हातात! रबरी पट्ट्याऐवजी स्प्रिंगचा घ्या. रबर उन्हाने तडकतं, तेही नेमकं बोट सुटताना.

सुट्टीत दोन-चार डाइव्ह करणाऱ्याला मी बंद टाचेच्याच सांगेन. इंग्लंडातल्या थंड तलावांत शिकणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र त्यांच्याकडे बघूही नये.