जुनी बॅट, खोटं वर्णन: १९१५ आणि ई-जागृती कितपत कामाचे?

जाहिरातीत 'इंग्लिश विलो, एकही क्रॅक नाही' आणि पार्सलमधून निघते काश्मीर विलोची, डागडुजी केलेली बॅट (विलो म्हणजे बॅटचं लाकूड). वर 'सेकंडहँड मालाची तक्रार चालत नाही' असं विक्रेता ठणकावून सांगतो. हे साफ खोटं आहे. माल जुना असला तरी वर्णनाशी जुळलाच पाहिजे. पैसे परत मिळवण्यासाठी दोन सरकारी सेवा आहेत: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन (फोन क्रमांक १९१५) आणि ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल करण्याचं ई-जागृती पोर्टल. पहिली आम्ही बिनदिक्कत सुचवू, दुसरी चिकाटी असेल तरच.

दोन्हीकडे किंमत पुराव्याला आहे आणि तो पार्सल उघडतानाच गोळा करावा लागतो. त्याआधी जाहिरातीचा, विक्रेत्याच्या प्रोफाइलचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. तक्रारीचा वास लागताच वर्णन बदलतं. पार्सलवरचं लेबल दाखवत, मध्ये न थांबता व्हिडिओ काढा. त्याच व्हिडिओत बॅट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि टेपने लांबी मोजा. शॉर्ट हँडल, म्हणजे प्रौढांच्या नेहमीच्या मापाची बॅट साधारण ८५ सेंटिमीटर भरते, हॅरो हे लहान माप त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी.

दोष लपवायच्या जागा ठरलेल्या आहेत. टो गार्डखाली (बॅटच्या खालच्या टोकाला, म्हणजे टोला, लावलेल्या संरक्षक आवरणाखाली) सुपरग्लू आणि भुसा भरून बुजवलेली भेग, कडेच्या फायबर टेपखालची चीर, आणि बदललेलं हँडल. हँडल नवं बसवलं असेल तर ब्लेडच्या (बॅटच्या रुंद भागाच्या) खांद्याशी, व्ही आकाराच्या सांध्यात गोंदाची ताजी रेघ दिसते. टेप किंवा स्टिकर मात्र स्वतः सोलू नका. 'छेडछाड तुम्हीच केली' म्हणायला विक्रेत्याला तेवढं पुरतं. बाजूने टॉर्चचा उजेड टाकून फोटो काढा, उंचवटे आणि चिरा त्यात स्पष्ट येतात. निकाल लागेपर्यंत त्या बॅटने एक चेंडूही खेळू नका.

तक्रारीत मोजता येणारी गोष्ट आधी लिहा. '११८० ग्रॅम लिहिलं, १२९० भरली' हा मुद्दा खोडणं कठीण. फक्त ग्रिप एक आहे की दोन, तेही फोटोत दिसू द्या, कारण जास्तीच्या ग्रिपने वजन वाढतं. विलोचा वाद अवघड असतो. काश्मीर विलो सहसा जड आणि तांबूस, तिच्या रेषा अस्पष्ट. इंग्लिश विलो फिकट, रेषा सरळ आणि ठळक. पण ब्लीच केलेल्या ब्लेडचा रंग फसवतो. त्यामुळे नागपुरात सीताबर्डीत किंवा जवळपास बॅट दुरुस्त करणारा जाणकार दुकानदार गाठून त्याच्या लेटरहेडवर, तारखेसह लेखी मत घ्या. 'स्ट्रोक बसत नाही' हे मात्र लिहू नका. ते कुणालाच सिद्ध करता येत नाही.

नागपूरकरांनी आणखी एक काळजी घ्यावी. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, हवा कोरडी असते आणि विलो सुकून बारीक चिरा पडतात. 'तुमच्या उन्हामुळे तडकली' हा बचाव मग आयताच मिळतो. त्यामुळे फोटो पहिल्याच दिवसाचे हवेत. नंतर बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि कूलरसमोरही नाही. ओलाव्याने टो फुगतो.

आता क्रम. परताव्याची मुदत संपण्याआत ॲपमध्येच लेखी तक्रार करा, फोनवर नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण दिलं पाहिजे. वस्तू जाहिरातीतल्या गुणांची नसेल तर प्लॅटफॉर्मवरच्या व्यावसायिक विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. ईमेलमध्ये तसा उल्लेख करा.

एवढ्यावरही हललं नाही, तर १९१५. मराठीत बोलता येतं, शुल्क नाही, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मिळतो आणि तक्रार कंपनीकडे जाते. हेल्पलाइनशी जोडलेली कंपनी असेल तर उत्तर लवकर येतं. मर्यादा ही, की हेल्पलाइन समेट घडवते, आदेश देऊ शकत नाही.

आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो तिथेच दावा करता येतो, म्हणजे विक्रेता मेरठचा असला तरी प्रकरण नागपुरात. ई-जागृतीवर तक्रार, शपथपत्र आणि पुराव्यांच्या पीडीएफ चढवायच्या. प्लॅटफॉर्म आणि विक्रेता दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. कायद्यात निकालासाठी ३ महिने, तपासणी लागल्यास ५ महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. दोन-तीन हजारांच्या बॅटसाठी एवढा व्याप परवडेलच असं नाही, १५-२० हजारांच्या बॅटसाठी जरूर करावा. रकमेसोबत परतीचा कुरिअर खर्च मागायला विसरू नका.

ही सगळी वाट व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेल्या बॅटसाठी. घरातली एखादी बॅट विकणाऱ्या व्यक्तीला ई-कॉमर्सचे नियम लागू नाहीत. १९३० च्या मालविक्री कायद्याने वर्णनाची अट तिच्यावरही आहे, पण त्यासाठी दिवाणी न्यायालय गाठावं लागतं. ॲपबाहेर थेट यूपीआयने पैसे दिले असतील तर प्लॅटफॉर्मही बहुधा हात वर करतो. अशी बॅट समोरासमोर, काटा आणि टेप सोबत नेऊनच घ्या.