पैसे देऊन स्ट्रीम्स घेतले की गाणंच हातचं जातं

गाणं रिलीज होऊन दोन दिवस होत नाहीत तोच इन्स्टाग्रामवर मेसेज येतो. ‘भाऊ, ट्रॅक एक नंबर आहे, पण पोहोचत नाहीये. चार हजारांत पन्नास हजार स्ट्रीम्स, दहा प्लेलिस्ट, सगळं ऑरगॅनिक, गॅरंटी.’ सोबत दुसऱ्या कुणाच्या तरी आकड्यांचे स्क्रीनशॉट. घरच्या खोलीत बीट बनवणाऱ्या, लग्नाच्या सुपाऱ्या वाजवून स्टुडिओचे पैसे उभे करणाऱ्या मुलामुलींना हा जाहिरातीचा खर्च वाटतो, आणि ते पैसे पाठवतात.

गाणी ऐकायच्या स्पॉटिफाय अ‍ॅपच्या एका नियमामुळे हा धंदा आणखी सोपा झाला. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम्स (म्हणजे गाणं वाजल्याच्या नोंदी) झालेल्या गाण्यालाच रॉयल्टी मिळते. ‘निदान हजार तरी पार करून देतो’ असं म्हटलं की नवखा कलाकार लगेच तयार होतो. त्याच सुमारास स्पॉटिफायने दुसराही नियम आणला, तो मात्र हे विक्रेते कधी सांगत नाहीत. एखाद्या गाण्याचे स्ट्रीम्स उघडउघड बनावट निघाले तर त्या गाण्यामागे डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे तुमची गाणी अशा अ‍ॅप्सवर पोहोचवणाऱ्या कंपनीला, दंड होतो. बरेच डिस्ट्रिब्युटर तो दंड थेट कलाकाराच्या शिलकीतून किंवा कार्डवरून वसूल करतात.

३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. विक्रेत्याकडे शेकडो खोटी खाती असतात. ती तुमचं गाणं तीस सेकंदांच्या जरा पुढे नेतात, सोडतात आणि पुन्हा लावतात. पहिल्या आठवड्यात आकडा झपाट्याने चढतो, कलाकार खूश होतो आणि पुढच्या गाण्यासाठीही पैसे देतो. मग एके दिवशी स्ट्रीम्स वजा होतात, त्यांची रॉयल्टी रोखली जाते आणि काही आठवड्यांनी डिस्ट्रिब्युटरची मेल येते. तोवर विक्रेत्याने तुम्हाला ब्लॉक केलेलं असतं. एकदा घडलं तर गाणं खाली उतरतं. पुन्हा घडलं तर अख्खं खातं बंद होऊ शकतं, आणि मग त्याच खात्यावरची प्रामाणिकपणे वाढलेली जुनी गाणीही जातात. गेलेले चार हजार पुढच्या एका सुपारीत भरून निघतील, पण दोन वर्षं जमवलेला कॅटलॉग तसा भरून निघत नाही.

बनावट ऐकणं ओळखायला स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या पॅनेलमधल्या तीन गोष्टी एकत्र पाहा. पहिली, शहरं. कोल्हापूरच्या पोराचं मराठी रॅप आणि सगळ्यात जास्त श्रोते हेलसिंकीत, तर काहीतरी बिघडलंय. फक्त शहर पाहून घाबरू नका. फ्रँकफर्टला आणि कॅलिफोर्नियात मराठी माणसं राहतात, ती ऐकतातही. म्हणून दुसरी गोष्ट, सेव्ह. खरा श्रोता आला की त्यातले काही जण गाणं सेव्ह करतात, काही फॉलो करतात, काही तुमचं जुनं गाणं शोधून वाजवतात. स्ट्रीम्स तीस हजार आणि सेव्ह बोटांवर मोजण्याइतके, हे माणसांच्या ऐकण्यात होत नाही. तिसरी, प्लेलिस्ट. जवळपास सगळं ऐकणं एकाच अनोळखी प्लेलिस्टमधून येत असेल तर ती उघडा. तिच्यात स्पॅनिश पॉप, झोपेचं संगीत आणि तुमचा हलगी मिक्स एकाखाली एक दिसले तर ती माणसाने ऐकण्यासाठी बनवलेली नाही.

एक महत्त्वाची गोष्ट. अशा प्लेलिस्ट खऱ्या वाटाव्यात म्हणून त्यांत न विचारता, फुकटही गाणी टाकली जातात. पैसे न देताच तुमचं गाणं तिथे दिसलं तर गप्प बसू नका. प्लेलिस्टचं नाव, लिंक आणि आकड्यांचा आलेख यांचे स्क्रीनशॉट घ्या, स्पॉटिफायच्या तक्रार फॉर्मवर ती प्लेलिस्ट कळवा आणि त्याच दिवशी डिस्ट्रिब्युटरला लेखी मेल करा. दंडाची मेल आल्यावर दिलेलं स्पष्टीकरण आणि आधीच तारखेनिशी दिलेली तक्रार, यांच्या वजनात फार फरक पडतो.

स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टसाठी गाणं पाठवायला पैसे लागत नाहीत. रिलीजच्या किमान ७ दिवस आधी, गाणं बाहेर यायच्या अगोदर, कलाकाराच्या स्वतःच्या पॅनेलमधून ते पाठवायचं असतं. ‘आत ओळख आहे’ म्हणून पैसे मागणारा खोटं बोलतो. चार हजार खर्चायचेच असतील तर स्वतःच्या जाहिरात खात्यातून गाण्याच्या रीलला लावा. निदान कोणत्या जिल्ह्यात कुणी पाहिलं ते तुम्हाला दिसेल. आकड्याची हमी तिथेही कुणी देत नाही. जिथे हमी मिळते तिथून उठावं.

यापेक्षा खोल जखम करारात होते. एखादं छोटं लेबल, म्हणजे संगीत कंपनी, म्हणतं, ‘गाणं आमच्या चॅनेलवर टाकू, प्रमोशन फी पंचवीस हजार.’ म्हणजे खर्च तुमचा, आणि चार पानी करारात मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण), शब्द, चाल, कॉलर ट्यून, कंटेंट आयडी (यूट्यूबवर गाणं ओळखून हक्क सांगणारी यंत्रणा) असे सगळे हक्क कायमचे, जगभरासाठी त्यांचे. वर्षभराने कलाकार स्वतःच्या चॅनेलवर स्वतःचंच गाणं लाइव्ह गातो आणि त्यावर लेबलचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येतो.

सहीच्या आधी कायदा काय म्हणतो ते पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार घेणारा आणि जबाबदारी उचलणारा. तुमच्या खोलीत, तुमच्या खर्चाने झालेलं मास्टर सही करेपर्यंत तुमचं असतं. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच, तोंडी कबुलीला अर्थ नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क लेबलने वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसताना ते परत येतात. ‘वेगळं लिहिलेलं नसताना’ ही फट लेबलच्या वकिलाला नीट माहीत असते, म्हणून मुदतीचं कलम सगळ्यात आधी वाचा. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा दिला आणि तो हक्क सोडून देता येत नाही असं ठरवलं. लेबलच्या कागदावर ‘सर्व रॉयल्टी सोडली’ असं असलं तरी शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेऊन ती गाणी नोंदवा.

करार ‘कायमचे सर्व हक्क’ऐवजी ‘३ वर्षं, हे एकच गाणं, फक्त वितरण’ असा मागा. दर महिन्याचा अहवाल मिळेल हे लिहून घ्या. गाण्याचा १२ अक्षरी आयएसआरसी कोड, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, स्वतःजवळ ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच कोड दिला तर जुना आकडा सहसा टिकतो. कच्चे व्होकल टेक आणि प्रोजेक्ट फाइल तारखेसह दुसऱ्या डिस्कवर ठेवा, कारण मास्टर कुणाचं हा वाद निघाला की दाखवायला तेवढंच असतं. भाड्याने घेतलेल्या, म्हणजे नॉन-एक्सक्लुझिव्ह, बीटवर गाणं केलं असेल तर ते कंटेंट आयडीत टाकू नका. तीच बीट घेतलेल्या दुसऱ्या कलाकारांवर खोटे क्लेम जातील आणि शेवटी खातं तुमचं बंद होईल. कुणी तुमच्यावर खोटा क्लेम केला तर यूट्यूबवर डिस्प्यूट करा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात, नाही दिलं तर क्लेम सुटतो.

डीजेंना फसवणारे बुकिंगमध्ये गाठतात. सीझनआधी गोव्यातल्या क्लबच्या नावाने लाइनअप जाहीर होते आणि प्रत्येक नव्या डीजेकडून ‘स्लॉट फी’ घेतली जाते किंवा त्याच्या गळ्यात तीस तिकिटं मारली जातात. पोस्टरवर नाव आलं म्हणून जागा ठरली असं नसतं. क्लबच्या स्वतःच्या पानावरचा नंबर शोधून थेट विचारा की त्या तारखेला हा आयोजक आहे का. इसार अर्धा मिळाल्याशिवाय पोस्टरला फोटो देऊ नका, उरलेलं साउंडचेकच्या आधी. ‘लष्करी अधिकारी बोलतोय, युनिटचा कार्यक्रम आहे, अ‍ॅडव्हान्ससाठी हा क्यूआर स्कॅन करा’ हा फोन आला तर तिथेच ठेवा. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. मानधनातून टीडीएस कापला असं आयोजक म्हणत असेल तर आयकर पोर्टलवरच्या करनोंदीत ती रक्कम तुमच्या पॅनवर दिसते का ते तपासा. दिसत नसेल तर लेखी मागणी करा.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम समोरच्याच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, नंतर ती पुढे सरकलेली असते. त्यासोबत नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार टाका आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा संदर्भ क्रमांक, जोडा. विक्रेत्याशी भांडण काढण्याआधी संपूर्ण चॅटचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. इन्स्टाग्रामवर त्याने मेसेज अनसेंड केले की ते तुमच्या फोनवरूनही जातात.