पोप ग्रेगरी पहिले : पुस्तिका लहान, ऐवज भरपूर

इंदूरच्या खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांत मिळणारी ही मराठी पुस्तिका जरूर घ्या. ५९० साली आधीचे पोप प्लेगने गेल्यावर ग्रेगरी गादीवर आले, इथपर्यंतचा भाग भराभर उरकलाय. खरी मजा सिसिलीतल्या जमिनींच्या प्रकरणात आहे. चर्चचे कारभारी कुळांकडून धान्य घेताना मोठं माप लावत. ग्रेगरींनी पत्र लिहून बजावलं, मोदियस (धान्याचं रोमन माप) १८ सेक्स्टारियसच्या (त्याहून लहान माप) वर नको. असा बारीक हिशेब ठेवणारा धर्मगुरू वाचायलाच हवा!

एक चूक मात्र खटकते: ग्रेगोरियन कॅलेंडर यांच्या नावावर टाकलंय. ते १५८२चं, तेराव्या ग्रेगरींचं. हे तर ६०४ मध्येच वारले. पिना गंजलेल्या असतात, आधी दोऱ्याने शिवून घ्या.