उसनं कॅलेंडर, गेलेलं पेज

"महिन्याला ३० पोस्ट, ८ रील, १०,००० फॉलोअर्सची गॅरंटी, सगळं मिळून १२,००० रुपये. तीन महिन्यांचे एकदम भरले तर ३०,०००. शेठ, तुम्ही गल्ला सांभाळा, ऑनलाइनचं आमच्यावर सोडा." लातूर, नांदेड, जालना, बीड, बाजारपेठ कुठलीही असो, दुकानाचं इन्स्टाग्राम-फेसबुक सांभाळायचं हे पॅकेज घेऊन कुणीतरी दुकानात येतं, नाहीतर व्हॉट्सॲपवर पीडीएफ तरी येते. सोबत पुढच्या महिन्याचं रंगीत कंटेंट कॅलेंडर, म्हणजे कुठल्या दिवशी काय टाकायचं त्याची यादी, असते. ते पाहून शेठला वाटतं, पोरगं तयारी करून आलंय. खरं तर तयारी कुठं झालेली नाही हे त्याच कॅलेंडरमध्ये लिहिलेलं असतं. पैसे द्यायच्या आधी दहा मिनिटं ते नीट वाचलं तरी बरंच कळतं.

समजा, दुकान लातूरचं आहे आणि माल आहे काळा मसाला, तिखट, हळद. कॅलेंडरमध्ये १७ जुलैला जागतिक इमोजी दिन सापडेल, १ ऑक्टोबरला कॉफी दिन सापडेल. मसाल्याच्या दुकानाने कॉफी दिनाला काय विकायचं? येळवस मात्र त्यात नसते. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, लातूर-धाराशिवकडे निम्मं शहर रानात असतं, भज्जी, आंबिल, उंडे असा बेत असतो, आणि त्याच्या आधीचा आठवडा म्हणजे मसालेवाल्याची चांदी. १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनही बहुतेकदा गायब असतो. आपल्याकडे घरोघर बसतात त्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी. कॅलेंडरमध्ये महालक्ष्मी म्हणजे फक्त दिवाळीतलं लक्ष्मीपूजन.

सगळ्यात पक्की खूण श्रावणाची. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. हिंदीतून उचललेल्या कॅलेंडरमध्ये 'पहिला श्रावणी सोमवार' आपल्या आषाढात येतो. आपल्या दुकानाच्या पेजवर ती शुभेच्छा झळकली की गिऱ्हाईक हसतं, आणि दुकानदाराला कारण कळत नाही. कार्डावर 'शुभेच्छा'ऐवजी 'शुभकामना' आणि 'दुसऱ्या'ऐवजी 'दुसर्या' दिसलं, तर ते छापण्याआधी एकाही मराठी माणसाने वाचलेलं नाही, एवढं नक्की.

मग तीसच पोस्ट का? कारण शुभेच्छांच्या कार्डाला खर्च नसतो. तयार साच्यात लोगो बदलायला पाच मिनिटं लागतात. नमुन्याचं एक कार्ड गुगल लेन्समध्ये टाकून बघा. तेच चित्र मोबाइलच्या दुकानाच्या, दवाखान्याच्या आणि क्लासच्या पेजवर वेगवेगळ्या लोगोंसह निघतं. आकडा मोठा दिसतो, पण त्यात तुमच्या दुकानातलं एकही छायाचित्र नसतं.

खरी आखणी दिसायला अगदी साधी असते. एका छोट्या दुकानाला आठवड्याला तीन, म्हणजे महिन्याला बारा पोस्ट भरपूर झाल्या. प्रत्येकीपुढे पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात: तारीख, त्या आठवड्यात दुकानात असलेला माल, चित्रीकरण कोण आणि कधी करणार, लोकांना नेमकं काय सांगायचं, आणि बघणाऱ्याने पुढे काय करायचं. 'काय करायचं' म्हणजे फोन, व्हॉट्सॲपवर मेसेज किंवा दुकानात येणं, यांपैकी एकच. उन्हाळकामाचे दिवस घ्या. फेब्रुवारीच्या शेवटापासून मे संपेपर्यंत वर्षाचा मसाला होतो. पहिल्या आठवड्यात ब्याडगी आणि गुंटूर मिरची शेजारी ठेवून एक रील: रंगासाठी कोणती, तिखटपणासाठी कोणती. दुसऱ्यात देठं काढून मिरची उन्हात घालताना, आणि ओलसर राहिली तर मसाल्याला जाळी कशी धरते ते. तिसऱ्यात खोबरं आणि दगडफूल भाजताना कुठं थांबायचं. दर सोमवारी त्या दिवसाचा किलोचा भाव, कांडपाची मजुरी वेगळी दाखवून. भाव सोडला तर हे सगळं एका सकाळी, दोन तासांत, साध्या मोबाइलवर निघतं. फोन उभा धरायचा, रील १०८० बाय १९२० पिक्सेलची. जो माणूस हे ठरवायला दुकानात अर्धा तास बसून 'सगळ्यात जास्त काय खपतं, कधी खपतं' एवढंही विचारत नाही, त्याने आणलेलं कॅलेंडर दुसऱ्या कुणासाठी केलेलं आहे.

रीलवर चालू सिनेमाचं गाणं टाकून देण्याची हौसही महागात पडते. व्यवसायाच्या इन्स्टाग्राम खात्याला गाण्यांचा पूर्ण साठा वापरायची परवानगी नसते; बाहेरून चिकटवलेलं गाणं पकडलं गेलं की रीलचा आवाज बंद होतो. कांडपाच्या यंत्राचा आवाज चालतो की.

आता फॉलोअर्स. दहा हजारांची गॅरंटी देता येते, कारण ते विकत मिळतात. खातं प्रोफेशनल असेल आणि शंभराच्या वर फॉलोअर्स असतील, तर इनसाइट्समध्ये, म्हणजे ॲपमधल्या आकडेवारीच्या पानावर, ते कोणत्या शहरांतले आणि देशांतले आहेत ते दिसतं. लातूरच्या मसाल्याला पहिल्या पाच शहरांत लातूर नसेल तर विषय संपला. नुकसान फक्त पैशांचं नसतं. नवी पोस्ट आधी थोड्या लोकांना दाखवून त्यांनी काय केलं ते इन्स्टाग्राम बघतं. त्यांत नकली फॉलोअर्स भरले असतील तर पोस्ट तिथंच बसण्याची आणि खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत न जाण्याची शक्यता वाढते. निळी टिक काढून देतो म्हणणाराही याच जातीचा. ती टिक ॲपमध्येच महिन्याचे पैसे भरून घ्यायची असते, त्यात मधल्या माणसाचं काम नाही.

जाहिरातीच्या पैशांत हात मारणं सगळ्यात सोपं. 'दहा हजारांची ॲड लावली' म्हणून स्क्रीनशॉट येतो, आणि स्क्रीनशॉटमधला आकडा कुणालाही बदलता येतो. मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीची, ॲड लायब्ररी सगळ्यांना उघडी आहे. देश भारत निवडून आपल्या पेजचं नाव टाकलं की चालू जाहिराती आणि त्या सुरू झाल्याची तारीख दिसते. आपल्याकडे साधी जाहिरात बंद झाली की तिथून निघून जाते, म्हणून 'चालू आहे' म्हणतात त्याच दिवशी बघावं. खर्च तिथं दिसत नाही. तो मेटाच्या पावतीत दिसतो. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे करासह दहा हजार गेले असतील तर प्रत्यक्ष जाहिरात साधारण ८,४७५ ची. पावतीवर खातं क्रमांक आणि व्यवहार क्रमांक असतो, आणि खातं क्रमांक तुमच्याच जाहिरात खात्याचा हवा. जाहिरातीचं सेटिंगही बघा: वय १८ ते ६५, ठिकाण अख्खा भारत, हेतू फक्त लाइक, असं असेल तर आकडे फुगवायचा उद्योग आहे. लातूर आणि भोवतालचे २५-३० किलोमीटर, हेतू मेसेज मिळवणं, एवढंच आपल्या कामाचं.

एजन्सीच्या बिलावर जीएसटी लावलेला असेल तर तिचा १५ अंकाक्षरांचा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी नसणं हा गुन्हा नाही, पण नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही.

या सगळ्यापेक्षा मोठा घाव शेवटी बसतो. पहिल्याच दिवशी 'पेज लिंक करायचंय, ओटीपी सांगा' म्हणतात. ओटीपी गेला की इन्स्टाग्रामचा ईमेल आणि नंबर बदलतो, फेसबुकचं पेज त्यांच्या बिझनेस पोर्टफोलिओत (मेटावर पेजं आणि जाहिरात खाती एकत्र ठेवायची जागा) जातं आणि कागदोपत्री त्यांचंच होतं. चौथ्या महिन्यात काम थांबवा म्हटलं की 'हँडओव्हर चार्ज'चं बिल येतं. दहा वर्षांचं नाव, फोटो, गिऱ्हाइकांचे मेसेज सगळं दुसऱ्याच्या कुलपात. म्हणून पेज, जाहिरात खातं आणि गुगलवरची दुकानाची नोंद आपल्याच ईमेलवर काढायची, एजन्सीला आपल्या पोर्टफोलिओतून पार्टनर म्हणून फक्त कामापुरता प्रवेश द्यायचा, फुल कंट्रोल नाही. जाहिरात खात्याला खर्चाची कमाल मर्यादा घालता येते, ती घालायची. आज काम चालू असेल तर आजच पेज ॲक्सेसमध्ये कुणाची नावं आहेत, अकाउंट्स सेंटरमध्ये संपर्काचा ईमेल कुणाचा आहे आणि गुगलच्या नोंदीचा प्रायमरी ओनर कोण आहे, हे बघून घ्या. गुगलवर दुकान नोंदवायला पैसे लागत नाहीत; 'नोंद बंद होईल, फी भरा' असा फोन आला तर ठेवून द्या.

पैसे गेलेच असतील तर दोन वाटा वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. खोट्या नावाने किंवा ओटीपी घेऊन खातं वा पैसे लुबाडले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, तारखेसह चॅट आणि दिलेलं कॅलेंडर जवळ ठेवा. चॅट रागाने डिलीट करू नका. माणूस खरा आहे, काम मात्र कबूल केल्यासारखं केलं नाही, असं असेल तर तो सेवेतल्या त्रुटीचा वाद आहे. व्यापारासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, पण केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सवलत आहे. पहिला फोन १९१५ ला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

नकली फॉलोअर्सनी भरलेलं खातं परत मिळालं तर एकेक काढत बसण्यात अर्थ नाही. खरी गिऱ्हाइकं चारशे आणि बाकी नऊ हजार भुतं असतील, तर नवं खातं उघडून जुन्याच्या बायोत त्याचं नाव टाकावं, आणि दुकानातल्या पिशवीवर नवा क्यूआर कोड छापून घ्यावा.