मेहरूणचा कॅन्सर वॉक: हिशोब चोख, सकाळ मात्र भाषणात गेली

जळगावला मेहरूण तलावावर कॅन्सर हॉस्पिटलसाठी स्पॉन्सर वॉक झाला, म्हणजे आपण चालायचं आणि ओळखीच्यांनी त्यासाठी हॉस्पिटलला पैसे द्यायचे, त्यात मी ५ किमी चालले, त्याचा हा रिव्ह्यू. माझं ब्रेस्टचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं होऊन आता फक्त गोळी चालू आहे, म्हणून त्या नजरेनं लिहितेय, धडधाकट माणसाला कदाचित सगळं मस्तच वाटेल.

आधी पैशाचं, कारण सगळे तेच विचारतात. फॉर्मवर देणाऱ्याचं नाव, मोबाईल आणि किलोमीटरमागे किती देणार ते लिहायचं, कोणी ठोक रक्कमही देतं. पैसे आपण हातात घ्यायचेच नाहीत, क्यूआर कोड थेट हॉस्पिटलच्या ट्रस्टचा, पावती ज्याची त्याला मोबाईलवर. हे फार आवडलं, नाहीतर आपल्याकडे वर्गणी म्हटलं की लोक आधी तोंड वाकडं करतात. इन्कम टॅक्समध्ये देणगीची ८०जी ची सूट पाहिजे असेल तर २००० च्या वर कॅश देऊ नका, ती धरत नाहीत, आणि नवीन टॅक्स रिजीमवाल्यांना तशीही सूट नाही. भाच्याला हे सांगितलं तर म्हणे मावशी, मी काय सूटसाठी देतोय का, तू चाल फक्त.

आणि पैसा लागतोच हो. खान्देशातला पेशंट अजूनही परळला टाटाला जातो, रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं तिकीट माफ, सोबतच्याला ७५ टक्के सूट, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, पण सोबत गेलेल्याची रोजची मजुरी बुडते ती कोण भरून देणार? जवळ इलाज व्हायला पाहिजे, म्हणून तर मी फॉर्म भरला.

आता सकाळचं. बोलावलं उजाडायच्या आत आणि पाहुणे, सत्कार, शाल, नारळ, मग डीजेवर झुंबा, हात वर करा हात वर करा, आमच्यासारख्यांचा हात तेवढा वर जातो का याचा विचार कोणी केला नाही. चालायला सुरुवात होईपर्यंत ऊन डोक्यावर. फेब्रुवारी असला तरी जळगावचं ऊन ते ऊनच. केमोनंतर माझ्या तळपायाला मुंग्या येतात, तासभर उभं राहूनच निम्मी ताकद गेली. ‘कॅन्सरवर मात केलेल्यांना’ स्टेजवर बोलावून फोटो काढले, पण बसायला खुर्ची पाहुण्यांनाच. टॉयलेट फक्त स्टार्टला, अँब्युलन्स पण तिथंच, पलीकडच्या काठाला कोणाला चक्कर आली असती तर काय?

रिस्टबँड बांधणारी कॉलेजची पोरगी मात्र लाख मोलाची. तिनं डाव्या हाताला कागदी पट्टा गुंडाळायला घेतला, मी म्हटलं बेटा हा नको, काखेतल्या गाठी काढल्यात, घट्ट काही बांधलं तर सूज येते, बीपीसुद्धा दुसऱ्याच हाताला घेतात. तिनं पटकन उजव्या हाताला बांधला, तोही सैल, आणि मागच्या प्रत्येक बाईला विचारूनच बांधायला लागली. हे आयोजकांनी आधी शिकवायला नको का?

चालणं स्वतः छान झालं. पाण्याच्या बाजूनं वारा होता, एक आजी ओळख ना पाळख, जवळ येऊन म्हणे, ‘दमनी का व माय? बठ जराशी,’ आणि मग त्याच माझ्या पुढं निघून गेल्या. शेवटी केळी आणि लिंबूपाणी, केळ्याला आपल्याकडे काय तोटा, बिस्किटाच्या पुड्यापेक्षा बरंच. गेटवर एक भाऊ वॉकचा टीशर्ट घालूनच पुडी फाडत होता, गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे म्हणतात 😄

५ पैकी साडेतीन, त्यातले तीन हिशोबाचे. ट्रीटमेंट होऊन थोडेच दिवस झाले असतील तर डॉक्टरांना विचारून ३ किमीचाच फॉर्म भरा, टीशर्ट एक साइज मोठा सांगा, त्यांचं कापड घामानं चिकटतं, आणि भाषणं संपल्यावरच पोचा, नाव काही कोणी कापत नाही.